दुखणे मनाचे, शब्द कोणाचे?

हिवतापाच्या रोग्याची भाषा डॉक्टरला येत नसली तरी फारसे अडत नाही. अंगाला हात लावला की ताप कळतो, रक्ताचा थेंब काचेवर घेतला की जंतू दिसतो. मनाच्या दुखण्याचे तसे नाही. तेथे नाडी नाही, थेंब नाही. रोगी बोलतो ते ऐकणे एवढाच मार्ग. आणि रोगी जे बोलतो ते आपल्या आईच्या भाषेत, आपल्या गावच्या आणि धंद्याच्या शब्दांत बोलतो. संस्कृती आणि मनोवैद्यक यांच्या संबंधाची चर्चा विद्यापीठांतून पुष्कळ झाली. परंतु तिचा उगम दवाखान्याच्या बाकावर आहे, हे आम्हाला प्रथमच सांगितले पाहिजे.

सोलापूरकरांना हे पटवून देण्याची गरज पडू नये. या शहरातील कोणत्याही दवाखान्याच्या रांगेत पूर्व भागातील तेलुगू बोलणारी विडीकामगार स्त्री, अक्कलकोटकडचा कन्नड शेतकरी, मोहोळ-बार्शीकडचा मराठी माणूस आणि दख्खनी उर्दू बोलणारा कारागीर असे चौघे शेजारी शेजारी बसलेले आढळतात. चौघांनाही झोप लागत नसेल, जेवण गोड लागत नसेल, कामात मन रमत नसेल. पण सांगताना एक म्हणेल, जीव घाबरतो. दुसरा म्हणेल, विचार करकरून डोक्याचा भुगा झाला. तिसरीचे हातपाय वळतात, चौथ्याच्या छातीत धडधडते. 'बेजार' हा एक शब्द मात्र मोठा गमतीचा आहे. फारसीतून तो आला आणि येथील भाषांत राहिला. पण मराठीत तो त्रासलेल्याचा झाला, कन्नडात 'बेजारु' म्हणताना खिन्नता आणि कंटाळा दोन्ही आले, उर्दूत त्यात विटल्याची छटा उरली. एकच शब्द आणि तीन मनःस्थिती. मग पुस्तकातील 'डिप्रेशन' या शब्दाखाली यांपैकी कोणाला बसवायचे?

आणि हे चौघे डॉक्टरकडे आले तरच हा प्रश्न. पुष्कळदा ते येतच नाहीत. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीने गाणगापूर रोडला उतरणाऱ्या मंडळींत केवळ दत्तभक्त असतात असे नाही. बाधा झालेल्या माणसाला धरून आणणारे नातेवाईकही असतात. माध्यान्हीच्या आरतीला तेथे जे दृश्य दिसते ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्याला हसणे सोपे आहे. पण ज्या घरात मुलगी सहा महिने बोलत नाही त्या घराला शंभर कोसांत दुसरा आधार दाखवता आला नाही, तर हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो, हाही विचार करावा.

हे सारे मनात ठेवून आम्ही एका मनोवैद्याच्या आयुष्यक्रमाकडे वळतो. डॉ. विक्रम पटेल हे त्यांचे नाव. जन्म मुंबईचा, १९६४ सालचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९८७ साली ते डॉक्टर झाले, ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले, आणि पुढे लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात व तेथील मनोवैद्यक संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले. येथपर्यंतची कथा अनेक हुशार मुंबईकर विद्यार्थ्यांची आहे. पुढची तशी नाही. लंडनमध्ये चांगला जम बसण्याच्या वयात, १९९३ साली, हे गृहस्थ उठून आफ्रिकेत, झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे गेले. डॉक्टरने दूरदेशी जाण्याचे सोलापूरला नवल नाही. द्वारकानाथ कोटणीस याच गावात १९१० साली जन्मले आणि चीनमध्ये गेले. पण कोटणीस युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले होते. पटेल गेले ते एका शंकेचे उत्तर शोधायला.

ती शंका समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. आजच्या मनोविकारांच्या वर्गीकरणाचा पाया ज्याने घातला तो जर्मन वैद्य क्रेपेलिन १९०४ च्या सुमारास जावा बेटात गेला होता. आपण युरोपात पाहिलेले वेड तेथेही तसेच आहे की काय, हे त्याला पाहायचे होते. रोग त्याला तेच दिसले, रूपे काहीशी निराळी दिसली. पुढे बहुतेक मनोवैद्य याच वाटेने गेले: रोग एक, पोशाख वेगवेगळे. १९७७ साली आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोवैद्याने, जे मानवशास्त्रज्ञही आहेत, या समजुतीवर बोट ठेवले. एका संस्कृतीत तयार झालेला साचा घेऊन दुसरीकडे जायचे, त्यात बसतील तेवढी माणसे मोजायची आणि मग साचा सगळीकडे लागू पडतो असे म्हणायचे, हा तर्कदोष आहे, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते हा आक्षेप अद्यापही पुरता खोडला गेलेला नाही.

हरारेला जाताना पटेल यांचा कल याच बाजूला होता. ज्याला लंडनमध्ये डिप्रेशन म्हणतात तो आजार नसून दारिद्र्याने आणि अन्यायाने गांजलेल्या माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया असावी, असे त्यांना वाटे. हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्या वेळी सबंध झिम्बाब्वेत जेमतेम डझनभर मनोवैद्य होते आणि त्यांतले बहुतेक राजधानीत. पटेल यांनी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले आणि सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकांना, तसेच गावठी वैद्यांना व देवऋषांना विचारायला सुरुवात केली: तुमच्याकडे मनाने दुखावलेली म्हणून जी माणसे येतात, ती काय सांगतात?

शोना भाषेतला एक शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला, 'कुफुंगिसिसा'. 'कुफुंगा' म्हणजे विचार करणे. त्याला जोर देणारा प्रत्यय लागून झालेला हा शब्द. अति विचार करणे, विचार करकरून झिजणे. आपल्या कानाला तो परका वाटण्याचे कारण नाही. 'लई इचार करतंय पोर' हे वाक्य या जिल्ह्यातील कोणत्याही ओसरीवर ऐकू येते, आणि 'घोर लागला' यात तर कारण, लक्षण आणि निदान तिन्ही सामावलेली आहेत. शोना लोकांत कुफुंगिसिसा हे दुखण्याचे कारणही समजले जाते आणि दुखणेही. पटेल व त्यांचे सहकारी यांनी अशा लोकांच्याच तोंडच्या बोलांतून १४ प्रश्नांची एक प्रश्नावली बनवली. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली.

या प्रश्नावलीचा जो निकाल लागला तो मात्र पटेल यांच्या मूळ कल्पनेच्या विरुद्ध गेला. लोकांच्या शब्दांनी शोधून काढलेली माणसे आणि लंडनच्या कसोटीने शोधून काढलेली माणसे पुष्कळ अंशी तीच निघाली. नाव निराळे, कारणमीमांसा निराळी, जादूटोण्याचा संशय, पितरांची नाराजी हे सारे निराळे. पण झोप उडालेली, भूक मेलेली, जगण्यातला रस आटलेला माणूस तोच. विद्वानाने अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. आपली कल्पना वाचवण्यासाठी पुरावा वळवावा, किंवा पुराव्यापुढे कल्पना सोडून द्यावी. पटेल यांनी दुसरे केले, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या कार्याचे बीज आम्हाला येथे दिसते. दुखणे सर्वत्र आहे हे ठरल्यावर 'याला काय म्हणावे' हा प्रश्न मागे पडला आणि 'याच्याजवळ बसणार कोण' हा पुढे आला.

त्या १४ प्रश्नांचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. २००६ साली हरारेतच डिक्सन चिबांडा या मनोवैद्याने दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाके टाकली आणि त्यांवर वस्तीतल्या प्रौढ, अनुभवी आज्यांना बसवले. जिचा घोर सुटत नाही तिने आजीशेजारी बसावे, अडचण सांगावी, आणि दोघींनी मिळून वाट काढावी. रोगी ओळखण्यासाठी या आज्या वापरतात ती प्रश्नावली पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचीच. २०१३ साली तर अमेरिकन मनोवैद्यांच्या अधिकृत ग्रंथात, दुःखाच्या निरनिराळ्या देशींच्या संज्ञांमध्ये, 'कुफुंगिसिसा'ला जागा मिळाली. साचा परदेशी जातो तसा शब्दही कधी उलट प्रवास करतो.

१९९६ साली पटेल गोव्यात आले. गोव्याचा आणि मनाच्या शास्त्राचा संबंध त्याहून बराच जुना आहे. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया हे पाद्री पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून दाखवीत. त्या काळी लोक समजत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही अदृश्य द्रव वाहतो. फारिया म्हणाले, द्रव वगैरे काही नाही. जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनातच घडते. तरुणपणी लिस्बनला व्यासपीठावर घाबरून शब्द फुटेना, तेव्हा वडिलांनी मागून कोकणीत 'ही सगळी भाजी आहे, काप' असे पुटपुटून धीर दिला, अशी त्यांच्याविषयी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, भीती गेली ती आईच्या भाषेतल्या शब्दाने, एवढे त्या कथा रचणाऱ्याला ठाऊक होते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे.

गोव्यात पटेल यांनी सहकाऱ्यांसह 'संगाथ' ही संस्था काढली. त्याच वर्षी केंद्र सरकारने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्याचा नमुना आपल्या शेजारच्या कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १९८० च्या दशकात तयार केला होता. सरकारी योजना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला मनोविकार शिकवू पाहत होती. संगाथने वेगळा धागा धरला.

आरंभी त्यांनी माणसे कशाने दुखावतात हे मोजले. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात बाळंत होणाऱ्या २७० स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के स्त्रिया नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या. भूक आणि नवऱ्याचा मार ही कारणे तर होतीच. पण झालेले मूल मुलगी असली म्हणजे या कारणांची धार आणखी वाढे. येथे संस्कृती म्हणजे ओव्या आणि सणवार नव्हेत. बाळंतिणीच्या खोलीत 'मुलगीच झाली होय?' असे विचारणारी सासूही संस्कृतीच, आणि ते पुस्तकी निदानात कोठेच उतरत नाही. पुढच्याच वर्षी पटेल यांनी क्लाइनमन यांच्यासह जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत दारिद्र्य आणि मनोविकार यांवर एक लेख लिहिला. केवळ पैसा कमी असणे हे सगळे कारण नव्हे; शिक्षणाचा अभाव, उद्याची अशाश्वती, आशा खुंटणे यांचा वाटा मोठा, असे त्यात आहे. साच्यावर आक्षेप घेणारे आणि साचा तपासून पाहणारे एकाच लेखाखाली सही करतात, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. २००३ सालीच पटेल यांचे 'जेथे मनोवैद्य नाही' या अर्थाच्या नावाचे इंग्रजी पुस्तक आले. ते परिचारिका, शिक्षक व आरोग्यसेवक यांच्यासाठी आहे, आणि त्यात रोगाच्या नावापासून नव्हे, तक्रारीपासून सुरुवात केली आहे: झोप न येणे, अंग दुखणे, दारू न सुटणे.

यानंतरचा गोव्यातील मोठा प्रयोग म्हणजे 'मानस'. १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखाने निवडले. निम्म्या ठिकाणी एक समुपदेशक नेमला. तो डॉक्टर नव्हता, परिचारिका नव्हता; आरोग्यक्षेत्राशी ज्याचा संबंध नाही अशा स्थानिक माणसाला दोन महिने शिकवून तयार केलेले. रोग्याला 'तुला मनोविकार आहे' असे तो सांगत नसे. त्या शब्दाने माणूस दवाखान्याची पायरी पुन्हा चढला नसता. 'टेन्शन' हा लोकांच्या तोंडचाच शब्द त्यांनी घेतला. मराठी शुद्धतेचा आग्रह आम्हालाही आहे, परंतु या शब्दापुढे आम्ही हात टेकतो. तो इंग्रजी राहिलेलाच नाही. सोलापूरच्या चारही भाषांत तो घरचा झाला आहे, आणि 'वेड' या शब्दाने येणारी लाज त्याच्यामागून येत नाही.

२०१० साली निकाल प्रसिद्ध झाले. सरकारी दवाखान्यांत जेथे समुपदेशक होता तेथे सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रोगी बरे झालेले होते. जेथे नव्हता तेथे सुमारे ४३ टक्के. एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण खासगी दवाखान्यांतील आकडे अधिक विचार करायला लावणारे आहेत. तेथे समुपदेशक असो वा नसो, फरक पडला नाही. दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, सरकारी दवाखान्यातील समुपदेशकाच्या रोग्यांइतकेच लोक बरे झाले. आमचा तर्क असा: खासगी दवाखान्यातला कुटुंबाचा डॉक्टर रोग्याच्या घरचे सारे जाणतो, सून कोणाची, कर्ज किती, मुलगा कोठे लागला हे विचारतो. म्हणजे समुपदेशकाचे काम तो बिननावाने करीतच असतो. सरकारी दवाखान्यात दोनशे रोग्यांच्या रांगेत ते विचारायला कोणी मोकळा नसतो. हा तर्क खरा असेल तर औषधाइतकाच विचारपूस हाही उपचार ठरतो.

पुढे हीच रीत आणखी सोपी करून, रोग्याला पुन्हा रोजच्या कामात, माणसांत आणि आवडीच्या गोष्टींत ओढण्याची सहा ते आठ बैठकांची एक पद्धत त्यांनी बसवली. तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. तीव्र नैराश्याच्या रोग्यांत ६४ टक्क्यांना उतार पडला, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्क्यांना. आपल्या साऱ्या पद्धतीला पटेल यांनी इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून 'सुंदर' असे नाव दिले आहे. असल्या जुळवाजुळवीचे आम्हाला एरवी वावडे. पण हे नाव ऐकून कोणालाही हसू येईल.

महाराष्ट्रातही हे काम आले. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजाराच्या रोग्यांची घरी जाऊन काळजी घेण्याचा जो प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला त्यात गोवा व तमिळनाडू यांबरोबर साताराही होता. त्याचा लाभ माफकच दिसला. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 'विश्राम' हा कार्यक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी जाणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत गेले. त्याआधी, २०१२ साली, पटेल व इतरांनी देशातील आत्महत्यांचा हिशेब मांडला होता. एका वर्षात, २०१० साली, सुमारे १ लक्ष ८७ हजार माणसे; आणि मार्ग बहुधा घरातल्या कीटकनाशकाच्या डब्याचा. पंधरा ते एकोणतीस या वयात मृत्यूच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक दुसरा लागला.

आता विरोधकांचे म्हणणे. ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात जागतिक मानसिक आरोग्यावर लेखमाला निघाली, तिच्या अग्रभागी पटेल होते. आणि लगेच पुढच्या वर्षी डेरेक समरफील्ड या इंग्लंडमधील मनोवैद्याने हे ज्ञान जगभर लागू पडते याला पुरावा काय, असा खडा सवाल केला. अधिक जवळचा आक्षेप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील सुश्रुत जाधव आणि त्यांचे सहकारी सुमीत जैन यांचा. उत्तर प्रदेशात कानपूर भागात सरकारी मानसिक आरोग्य कार्यक्रम प्रत्यक्ष पाहून त्यांनी २००९ साली लिहिले की, लोकसहभागाची भाषा कागदावर राहते आणि खेड्यापर्यंत पोहोचते ती केवळ गोळी. गोळीने धोरण गिळून टाकले, असा त्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ.

या आक्षेपाला सोलापुरात वजन आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी गेल्या शतकातच बंद पडली. ज्यांच्या हातचे काम गेले त्यांचा घोर सहा बैठकांत कोण घालवणार? हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर चालवणाऱ्या स्त्रीचे डोके दुखते ते वाकून वाकून की काळजीने, आणि यांतले कोणते दुखणे दवाखान्याचे? पटेल यांच्या पद्धतीत याला पुरते उत्तर नाही. पण टीकाकारांच्या बाजूलाही एक पोकळी आहे. दुःखाचे कारण समाजात आहे म्हणून रोग्याने समाज बदलेपर्यंत थांबावे काय? २००१ साली तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानात आग लागली. साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. परंपरेचा आदर करताना ही साखळी नजरेआड करता येत नाही. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना कोणतेच उपचार मिळालेले नव्हते. त्यांच्यापर्यंत गोळीही पोहोचलेली नाही, मग तिच्या अतिरेकाची गोष्ट दूरच. आमचे मत विचाराल तर, जाधव-जैन यांचा इशारा भिंतीवर लिहून ठेवावा आणि काम पटेल यांच्या रीतीने सुरू करावे.

पटेल स्वतः २०१७ साली हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पण संगाथचे काम चालू राहिले. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना भ्रमणध्वनीवरून ही समुपदेशनाची रीत शिकवण्याचे प्रयोग झाले. तेथे सारे हिंदीत बसवता आले. सोलापूर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्या गावोगाव आहेत; पण येथे ते करायचे म्हटले तर पहिला प्रश्न कोणत्या शब्दाने विचारायचा हे पूर्व भागातील विडी कारखान्याच्या दारात, अक्कलकोटच्या बाजारात आणि गाणगापूरच्या गाडीत बसून आधी ऐकावे लागेल, आणि ते चार भाषांत लिहून घ्यावे लागेल. हरारेला १४ प्रश्न तयार होण्यास काही वर्षे गेली होती.